लिंकवर बोट ठेवलं की

वेबसाइटी बनवणाऱ्याकडे किस्से जमवावे लागत नाहीत, गिऱ्हाईकंच आणून देतात. अलिबागच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं: निलोफर, प्रसाद आणि मी. लॉजवाल्यांच्या साइटी करतो. पानाच्या साच्यातच मेथड, म्हणजे एखादं काम करून देणारा कोडचा तुकडा, लिहायची आणि पानावरच्या लिंकने तीच बोलवायची, ही प्रसादची आवडती पद्धत. लिंक दाबली की सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरवर, काम झालंच.

मुरुडच्या लॉजवाल्या म्हात्रेकाकांना निलोफर हेच समजावत होती. लिंक सर्व्हरकडे जाते, सांगितलेलं काम करते आणि उत्तर घेऊन परत येते.

काका म्हणाले, "सांगितल्या दिवशीच येते? मग आमच्या प्लंबरपेक्षा बरी हाय."

*

मेथडचं नाव लिंकच्या पत्त्यात दिसतं, हे प्रसाद विसरला. मांडव्याच्या एका बाईंच्या होमस्टेची साइट होती. 'तक्रार नोंदवा'वर माऊस नेला की खाली दिसायचं, 'dokekhau'.

बाईंनी शांतपणे फोन केला. "डोकेखाऊ म्हणजे गिऱ्हाईक की मी, तेवढं सांगा."

प्रसादने तासाभरात नाव बदलून 'namaskar' ठेवलं.

*

दिवाळीच्या तोंडावर मात्र आमची झोप उडाली. म्हात्रेकाकांच्या साइटवर प्रत्येक बुकिंगसमोर 'रद्द करा' अशी लिंक होती. ते पान पासवर्डमागे ठेवायचं राहून गेलं होतं. सर्च इंजिनचा बॉट आला, म्हणजे साइटी वाचत फिरणारा प्रोग्राम. दिसेल ती लिंक उघडायची हा त्याचा धर्म. त्याने एकेक करून सगळ्या उघडल्या. सकाळी अख्खं लॉज रिकामं, आणि पाहुण्यांना बुकिंग रद्द झाल्याच्या मेलही गेलेल्या.

काकांचा वर्षाचा सीझन बुडायची वेळ आली होती. प्रसाद घामाघूम होऊन बॅकअप शोधत बसला. निलोफर आणि मी पाहुण्यांना फोन लावत होतो. कोणी चिडलं, कोणी दुसरीकडे खोली बघायला लागलं होतं, त्यांची समजूत काढली. दुपारपर्यंत सगळी बुकिंगं जागेवर आली. बॉट लिंका उघडतो, बटणं दाबत नाही, म्हणून प्रसादने लिंक काढून तिथे बटण बसवलं, वर पासवर्डही लावला.

मग काकांना फोन करून घडलं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. साइट उघडून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग आवाज अगदी हळू करून म्हणाले,

"बाकीची आणलीत ते बेस केलंत. पन माझ्या मेव्हण्याचं बुकिंग तेवढं त्या बॉटनं रद्द केलं तसंच ऱ्हाऊ दे."