पूजेच्या नाड्यानं बांधलेला दांडा

खव्यासाठी नावाजलेल्या वाशी गावात नानासाहेबांची लाकडाची वखार आहे, आणि त्या वखारीत नागूबाई आहे. दोघांचं बावीस वर्षांत एकदाही पटलेलं नाही. खव्याच्या भट्ट्यांना बारीक फोडलेली बाभळ लागते. ती नागूबाईनं कुऱ्हाडीनं फोडायची आणि तिनं ती कशी चुकीची फोडली ते नानासाहेबांनी खुर्चीवरून सांगायचं, हा तिथला शिरस्ता.

"ढलपी जाड आली."

"मग चावून बारीक करा."

गेल्या उन्हाळ्यात नानासाहेबांनी विजेवर लाकूड फोडायचं छोटं यंत्र आणलं. आता या बाईची कटकट सुटली, असं त्यांना वाटलं. आडव्या पन्हाळीत ओंडका ठेवायचा, एका हातानं मोटारीचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं दांडा. मग मागचा लोखंडी ठोकळा ओंडक्याला रेटत पुढच्या पात्यावर नेतो. दांडा सोडला की ठोकळा स्प्रिंगनं माघारी. पण यंत्र जमिनीलगत, आणि नानासाहेबांचे गुडघे वाकायला तयार नाहीत. तीन ओंडके फोडून ते कमरेला हात लावून उभे राहिले.

"झालं कौतुक?" नागूबाई म्हणाली. "सरका आता."

तिनं ते यंत्र टेम्पोत घातलं आणि उत्तरेश्वर वेल्डरकडं नेलं. उत्तरेश्वरनं कमरेइतका उंच लोखंडी अँगलचा स्टँड केला आणि तो वखारीतल्या फरशीला बोल्ट मारून पक्का केला. पात्यावर बसणारं एक आडवं पातं करून दिलं, म्हणजे एका रेट्यात चार ढलप्या. गाठीचा ओंडका आला की ते काढून ठेवायचं, नाहीतर लाकूड पिळतं. बारीक वायर फेकून जाड घातली. शेवटी नागूबाईनं स्टँडच्या पायावर, मांडीच्या उंचीला, मोठं लाल बटण मागितलं.

"हे कशाला, मावशी?"

"दोनी हात गुतल्यावर मशीन काय नाकानं बंद करू?"

काम झकास चालू झालं. फक्त बाभळ ती बाभळ, वाकडी. पन्हाळीत लोळायची. नागूबाई तिच्याखाली टेकूला चिपाड सारायची, हात बाहेर काढायची, मगच बटण आणि दांडा दाबायची. नानासाहेबांना हे बघवत नसे.

"दांडा बांधून टाक की! एक हात बटणावर, एक ओंडक्यावर. दुप्पट काम हुईल."

"आन् बोटं? ती बी दुप्पट हुतील का?"

त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून दांडा बांधला. तिनं विळ्यानं पट्टी कापली. त्यांनी पुन्हा बांधला. तिनं पुन्हा कापली. असं चार वेळा झालं, आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला वखारीत कुऱ्हाड, करवत, वजनकाटा सगळ्यांची पूजा होते. नानासाहेबांनी यंत्राला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, दांडा खाली ओढून ट्यूबनं आवळला आणि ट्यूबवर लाल नाड्याचे सात वेढे दिले. पूजेचा नाडा आपण होऊन गळेपर्यंत सोडायचा नाही, ही तिकडची रीत.

"आता काप," ते हसत म्हणाले. "नाड्याला विळा लावलास तर वखारीत पाय ठिवायचा न्हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्या मुक्ताबाई टेम्पो घेऊन दारात. नागूबाई यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभी.

"दांडा सोडल्याबिगर म्या हात लावणार न्हाय."

"देवाचा नाडा हाय, बये!"

"मग देवाला लावा कामाला."

"तुमचं भांडण मिटंस्तवर माझं दूध नासंल," मुक्ताबाई कातावल्या. "कुणीतरी फोडा की!"

"आक्का, ह्यांनाच फोडू द्या," नागूबाई म्हणाली. "बांधल्या दांड्यानं एक ओंडका नीट फोडला, तर म्या आत्ता चालले घरी. परत येणार न्हाय."

नानासाहेब ताडकन उठले. हाताला लागला तो ओंडका उचलला. चांगला गाठीचा होता. आडवं पातं काढायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. डावा हात ओंडक्यावर, उजवा बटणावर. ठोकळा निघाला. पातं गाठीवर चढलं, ओंडका करकरत पिळला आणि नानासाहेबांचा हात बाहीसकट मनगटापर्यंत ओंडका आणि पन्हाळीच्या मधे ओढला गेला.

बटण सोडायचं, एवढंच होतं. पण घाबरलेला माणूस सोडत नाही, आवळतो. नानासाहेबांनी बटण आणखी दाबलं.

नागूबाईनं गुडघ्यानं लाल बटण ठोकलं. मोटार थांबली.

"मशीन का बंद केलं गं?" नानासाहेब ओरडले. "फुटत आलं हुतं!"

"काय फुटत आलं हुतं? मनगट?" मुक्ताबाई म्हणाल्या.

हात शाबूत होता, पण अडकलेला. दांडा मोकळा झाल्याशिवाय ठोकळा मागं सरणार नव्हता. नागूबाई विळा घेऊन आली आणि दांड्यापाशी थांबली.

"कापू?"

नानासाहेबांनी हात ओढून पाहिला, निघेना. कपाळावरचा घाम मिशीत उतरला.

"देवाचा नाडा हाय. तुमी म्हनल्याबिगर कशी कापू?"

"काप."

"मोठ्यानं म्हना. आक्कांनी ऐकाय पायजे. न्हायतर उद्या म्हनाल, नागूनं विटाळलं."

"काप म्हनलं न्हवं का, भवाने!"

एका झटक्यात नाडा आणि ट्यूब दोन्ही तुटली. ठोकळा मागं सरला, ओंडका सैल झाला. नानासाहेबांनी हात छातीशी धरला, पाची बोटं मोजल्यासारखी हलवली आणि खुर्ची गाठली. आभार वगैरे काही नाही.

"बघत काय बसलीस? टेम्पो भरायचाय."

नागूबाईनं पाना घेतला. गाठीचा ओंडका अजून पन्हाळीतच होता. आडव्या पात्याचे बोल्ट ती एकेक करून, अगदी सावकाश, काढू लागली.