पाबा फ्री

रोहिणी कळंबोलीच्या एकाच सोसायटीत घरोघरी जाऊन फेशियल करायची. सेक्रेटरींनी दिलेला गेटपास गेला की काम गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दहावी नापास असली तरी बाटलीवरचं इंग्रजी ती अक्षराला अक्षर लावून वाचायची. उन्हाच्या क्रीमवर ‘पाबा फ्री’ दिसलं की दुकानदाराला विचारायची, “फ्रीवाला पाबा कुठाय?” तो हसायचा. तिला वाटायचं, हाच ठेवून घेतो.

मग जासईकडच्या कुठल्याशा गोदामातला जुना माल पनवेलच्या बाजारात आला. त्या बाटल्यांवर ‘विथ पाबा’. रोहिणी हरखली. सोसायटीतल्या नीताताईंना लावताना म्हणालीसुद्धा, “बाकीच्यांचा मधेच गायब होतो. यात आतच घातलाय.”

दुसऱ्या दिवशी नीताताईंचे डोळे सुजून मिटले. त्यांच्या नवऱ्याचा, कृष्णकांत सरांचा, फोन आला. “डॉक्टर विचारतायत, काय लावलंस. बाटली घेऊन ये.”

“नाल्यात टाक ती,” रमेश म्हणाला. रोहिणीच्या नवऱ्याचं डोकं अशा वेळी बरं चालायचं. “कोरफड होती म्हन. गेटपास जाईल, मग खानार काय?”

तिने नखाने लेबल खरवडायला घेतलं. अर्धं निघालं. पण चुकीचं औषध दिलं गेलं आणि ताईंचे डोळेच गेले तर? तशीच बाटली पिशवीत टाकून ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी उरलेलं लेबल वाचलं. “नीताताई, केसांचा काळा रंग सोसतो तुम्हाला?”

“नाही. मेंदीच लावते.”

“पाबा त्याच रंगाचा भाऊबंद. पूर्वी क्रीममध्ये घालायचे. काहींच्या अंगावर उठायचं, म्हणून मागे पडला. आता तर अभिमानाने ‘पाबा फ्री’ छापतात.”

“फ्री म्हणजे...”

“म्हणजे त्यात तो नाही.”

ताईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते पुसायला रोहिणीने रुमाल पुढे केला.

“हात नको लावूस मला,” ताई म्हणाल्या.

कृष्णकांतांनी फोनवर सोसायटीचा ग्रुप उघडला. “अजून कोणाला दिलंस?”

“ए विंगच्या आभाताई.”

“अजून?”

“कृष्णाबाई. इराची मम्मी.” एकेक नाव म्हणजे एकेक दार बंद. ती थांबली. एक नाव राहिलं होतं. ते गिळलं, तर गेटपास कदाचित वाचला असता.

“झालं?”

“नाही सर. सेक्रेटरींच्या मिसेस.”

त्यांचा अंगठा थांबला. “त्यांनाही?”

“दोन बाटल्या,” रोहिणी म्हणाली. “त्यांनाही केसांचा रंग सोसत नाही, मेंदीच लावतात. त्यांना आधी फोन करा.”