एका डब्यात वीस

मुलीच्या लग्नात मानपानाच्या यादीतून मी नेमका दाजींना विसरलो. वाजंत्र्यांना टॉवेल-टोपी मिळाली, गाडीच्या ड्रायव्हरला मिळाली, सख्ख्या मेहुण्याला नाही. येवल्याकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीनं तेव्हापासून अबोला धरला, त्याला वर्ष झालं. मला तिची रोज आठवण यायची. पण आधी फोन मी का करू? मीही तिचाच भाऊ.

यंदा तिच्या मक्यात अळी पडली आणि घराण्यात जीवशास्त्राचा मास्तर मी एकटाच. तिनं अळ्या मक्याच्या पानांसकट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. ओळखीचा कंडक्टर तिसऱ्या दिवशी सापडला, त्याच्या हाती डबा माझ्याकडे आला. डब्यावर चिठ्ठी होती: 'आत वीस अळ्या. औषध कळव.' खुशाली वगैरे काही नाही.

गंगापूर रोडच्या घरी, बायकोला लांब उभं करून मी डबा उघडला. आत एकच अळी, चांगली गुबगुबीत. लगेच फोन लावला. वर्षभरानं बहिणीशी पहिलं वाक्य काय बोललो? "ताई, वीस कुठायत? एकच आहे."

"मोजून टाकल्या व्हत्या. आता मोजणीत बी आम्हीच खोटं का?" तिनं फोन ठेवला.

मग चष्मा पुसून पाहिलं. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाकडे चार ठिपक्यांचा चौकोन. अमेरिकेतून आलेली लष्करी अळी. मका, ज्वारी, गवत, दिसेल ते खाते आणि एकत्र कोंडल्या की एकमेकींना खातात. मक्याची पानं बरीचशी शाबूत होती आणि तळाशी बाकीच्या अळ्यांच्या डोक्यांची टरफलं. तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि बहिणीला खोटं पाडलं! स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी टॉवेल-टोपी आणि रिकामा डबा घेऊन पहिली एसटी पकडली. बांधावरच दाजींचा मान केला. दाजी टोपी सारखी करत म्हणाले, "लग्न लय लांबलं बुवा." मग मक्याच्या पोंग्यात, जिथं अळी दडते तिथं, तिघांनी दिवसभर चुना मिसळलेली वाळू टाकली. ताई पुढच्या सरीत होती. मागं न बघताच तिनं विचारलं, "जेवशील ना?"

निघताना तोच डबा, घासूनपुसून, लाडवांनी भरलेला.

"वीस हायेत. मोजून घे."

"तू म्हणतेस ना, मग वीसच."

घरी बायकोनं मोजले. एकवीस निघाले.