आईसाहेबांची पाटी

रेवणसिद्धला संडासांची किळस कधी आली नाही. प्रतिष्ठानच्या धर्मशाळेत पाइप, मोटर, दिवे, तुंबलेली मोरी, सगळं त्याच्याच गळ्यात होतं. घाण काय, हात धुतले की गेली, असं तो म्हणायचा. त्याला किळस यायची ती पाट्यांची.

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यामागं ही धर्मशाळा. पेशंटचे नातेवाईक इथं फुकट राहतात, आणि जिकडं मान वळवावी तिकडं दात्याचं नाव. पंख्यावर नाव, बाकावर नाव, आरशावरसुद्धा. तोंड बघायचं तर तेही कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ. पण गच्चीवरच्या टाकीला झाकण द्यायला कुणी पुढं येईना. गच्चीवर चढून नाव वाचणार कोण? रेवणसिद्ध झाकण मागून थकला, अध्यक्ष तात्यासाहेब ‘दाता बघतोय’ म्हणून थकले नाहीत. शेवटी त्यानं तात्यासाहेबांच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स टाकीच्या तोंडावर तारेनं आवळला. चुकलंच त्याचं. सोलापूरच्या उन्हात तो फ्लेक्स कितीसा टिकणार?

त्या सकाळी मैंदर्गीची चंद्रव्वा नळावर तांब्या भरत होती. तिची लेक दवाखान्यात बाळंत झाली होती. तिकडच्या कानडी वळणानं ती रेवणसिद्धला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ म्हणायची, आणि तो तिला अव्वा, म्हणजे आई. पाण्याला वास मारतोय, चांगलं आहे ना, असं तिनं विचारलं. चांगलं हाय की, असं तो सवयीनं बोलून गेला. मग त्याचं त्यालाच चैन पडेना, म्हणून गच्चीवर गेला.

फ्लेक्स मधोमध फाटला होता. पाण्यात दोन कबुतरं फुगून तरंगत होती. पिसं कडेला चिकटलेली, वर तेलकट साय. जन्मभर मोऱ्या उपसलेला माणूस, पण त्याला कोरडी ओकारी आली. हेच पाणी बाळंतिणीच्या पोटात गेलं होतं, आणि आपण चांगलं म्हणून सांगितलं होतं.

खाली मांडव सजला होता. तात्यासाहेबांनी स्वर्गवासी आईच्या नावानं पाण्याचा कूलर दिला होता, त्याचं आज उद्घाटन. रेवणसिद्धनं त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. टाकी उपसून घासायची, खालच्या हौदातलं पाणी वर चढवायचं, म्हणजे दुपार होणार आणि तोवर कूलर कोरडा. तात्यासाहेबांनी नाकाला रुमाल लावला. कबुतरं काढ, ब्लीचिंग पावडर टाक आणि गप्प बस, असं त्यांनी बजावलं.

“पाहुण्यांना बाटल्या आहेत,” ते म्हणाले.

रेवणसिद्धच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थू असल्या दानधर्मावर. पाहुण्यांना बाटल्या आणि बाळंतिणीला मढ्याचं पाणी. तो सरळ वर गेला आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडून सगळं पाणी सोडून दिलं. कबुतरं बादलीत काढली, टाकी तळापासून घासली, मोटर चालू केली. आता झाकणाचं काय? मांडवात पडद्याआड टेबलावर आईसाहेबांची ग्रॅनाइटची पाटी उभी होती, भिंतीला बसवायची राहिलेली. सगळे फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागताला गेले होते. त्यानं ती पोत्यासारखी खांद्यावर घेतली आणि जिना चढला.

टाळ्यांच्या गजरात पडदा सरकला, तर मागं नुसतं टेबल. सकाळचं टाकीचं बोलणं आठवून तात्यासाहेब धापा टाकत गच्चीवर आले. टाकीच्या तोंडावर पाटी पालथी, अगदी चपखल बसलेली.

“माझ्या आईची पाटी आहे ती!”

“म्हनून तर पालथी घातली,” रेवणसिद्ध म्हणाला. “आईसाहेब हयात असताना वाटसरूंचा माठ सोताच्या हातानं घासायच्या. त्यांच्या नावावर कबुतरांनी हागू नये. काडायची तर काडा, पर पयल्यांदा पावन्यांना ही बादली दावतो.”

तात्यासाहेबांनी बादलीत डोकावलं आणि तिथंच भडाभडा ओकले. तोंड पुसून उद्यापासून येऊ नकोस म्हणाले आणि खाली गेले. पाटीला मात्र त्यांनी हात लावला नाही. रेवणसिद्धनं त्यांची ओकारी धुऊन काढली. ती घाण साधी होती, एका बादलीत गेली.

दुपारी टाकी भरली. किल्ल्या वॉचमनकडं देऊन तो नळापाशी आला, तर चंद्रव्वा रिकामा तांब्या घेऊन बसलेली. सकाळी खोटं बोललो, टाकीत कबुतरं मेलेली होती, असं त्यानं तिला सांगितलं. लेकीला आता काही होऊ नये एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं नळ सोडला, तिच्या देखत ओंजळभर पाणी पोटात घातलं.

“आता भरा, अव्वा,” तो म्हणाला.

चंद्रव्वानं आधी तांब्या विसळला, मग भरला.