तळलेली कोंबडी आणि घोसाळी

आमची बदली पिंपळनेरला होणार, असं चैत्रात कानावर आलं. तेव्हा आम्ही धुळ्यात होतो. हे कचेरीत कारकून. पिंपळनेर डोंगराच्या बाजूला, तिकडे हिवताप फार, असं सगळे म्हणत. मला तापाची भीती नव्हती, ताप इथेही होताच. पण माझी थोरली मुलगी मुलींच्या शाळेत तिसरीत होती, आणि तिकडे मुलींची शाळा नाही असं ऐकलं होतं. मुलांमध्ये बसवायला सासूबाई कधी तयार झाल्या नसत्या. म्हणजे बदली झाली की पोरीची पाटी सुटली. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. मला बोलता येत नाही, आजही येत नाही.

एका संध्याकाळी हे आले आणि टोपी खुंटीला लावता लावता म्हणाले, “रविवारी दुपारी हेडक्लार्क जेवायला येताहेत, बायकोला घेऊन. साताऱ्याकडचे आहेत. त्यांना आपला रस्सा सोसत नाही. तळलेली कोंबडी कर. आणि घोसाळ्याची भजी.”

“घोसाळं म्हणजे काय?”

“बाजारात विचार, मिळेल.”

त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे मला त्यांनी पाठ फिरवली तेव्हाच कळलं. कचेरीत विचारलं असतं तर हसले असते. बदल्यांचे कागद हेडक्लार्कच साहेबांपुढे ठेवत. त्यांच्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं.

मी बाजारात गेले. दोन माळणींना विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. तिसरी म्हातारी होती. मी हळूच विचारलं, “घोसाळं आहे का?”

ती मोठ्याने म्हणाली, “काय व माय, गोसावी इकस का मी? गिलका शेतस, भेंड्या शेतस, डांगर शे. ले ना!”

शेजारच्या सगळ्या माळणी हसल्या. मी पदर पुढे ओढला, भरताची वांगी, भेंड्या आणि डांगराची एक फोड घेतली आणि घरी आले. गिलकी घेतली नाहीत. आमच्या मोरीच्या पाण्यावर गिलक्यांचा वेल चढला होता. रोज तीच भाजी, पाहुण्यापुढे ती कोण ठेवणार?

रविवारी पहाटे उठले तेव्हाच अंग जड होतं. सासूबाईंच्या गळ्यात माळ. त्या म्हणाल्या, “मनी चूल सोडीसन काय करनं शे ते कर.” म्हणून अंगणात तीन दगड मांडून दुसरी चूल केली. भाज्या, भाकरी, भात आत, कोंबडी बाहेर. बाहेरून आत जायचं तर दर वेळी हातपाय धुवायचे. त्या दिवशी किती वेळा धुतले कोण जाणे. वैशाखाचं ऊन, पायाखालची फरशी तव्यासारखी, आणि पाय ओले.

शेजारच्या विणकराच्या घरून कोंबडा कापून, साफ करून आणला होता. मला रस्सा येत होता, तळण कधी केलं नव्हतं. आलं, लसूण, मीठ, हळद आणि तिखट चोळून एक तुकडा तसाच तेलात सोडला. वरून काळा झाला आणि आतून लाल. कोंबडा जून होता. मी कढई उतरवली, सगळे तुकडे पातेल्यात घालून थोड्या पाण्यावर झाकण ठेवून शिजवत बसले. धुरानं डोळे चुरचुरत होते. मधून आत जाऊन वांगी भाजली, भेंड्या परतल्या, काकडी कोचली, डांगराची भाजी केली आणि पुन्हा पाय धुतले. कोंबडी नखाने तुटेल इतकी मऊ झाली तेव्हा दादरीच्या, म्हणजे ज्वारीच्या, पिठात थोडं बेसन मिसळून त्यात एकेक तुकडा घोळवला आणि तळला. रंग चांगला आला. त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटत होतं. घोसाळ्यांच्या जागी बटाट्याची भजी केली.

पडवीत पानं मांडली. मी दाराआड उभी होते. हेडक्लार्कांनी कोंबडी मोडली, खाल्ली, पुन्हा मागितली. ह्यांचा आवाज मोकळा झाला. मग हे म्हणाले, “घोसाळी मात्र मिळाली नाहीत, साहेब. आमच्या धुळ्याला येतच नाहीत ती.”

पाहुणे चावता चावता थांबले. मोरीकडे बोट करून म्हणाले, “मग ती काय लटकलीत? तुम्ही मला देणार नाही म्हणा की राव, पण येत नाहीत कसं म्हणता!”

“ती गिलकी…” हे म्हणाले. पाहुणे हसत होते, पण खरं हसत होते की टोचून, मला समजेना. सासूबाई आतून म्हणाल्या, “घरमां शेतस आनि हाई बजारमां धुंडे!”

वाटलं, आता बदली पक्की. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि चार गिलकी तोडली. दुसरं काय करणार? चकत्या करून पिठात बुडवत होते, तेवढ्यात पाहुण्यांची बायको अंगणात आली. तिने पदर खोचला, माझ्या हातातला झारा घेतला आणि म्हणाली, “तुम्ही जरा बसा. किती घामाघूम झालात. ह्यांचं काही मनावर घेऊ नका, ते सगळ्यांची अशीच चेष्टा करतात. मी नवीन आले तेव्हा गिलकं म्हणजे पक्षी असेल असं मला वाटलं होतं.”

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. आणि त्या हसण्याबरोबर तोंडातून निघून गेलं, “आमची पिंपळनेरला बदली व्हायचीय म्हणतात. पोरगी तिसरीत आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तिकडे शाळा नाही होय? किती दिवस थांबायला हवं तुम्हाला?”

“तिची चौथी होईपर्यंत,” मी म्हणाले.

“एवढंच ना?”

“हो. एवढंच.”

ती घरी काय बोलली, ते मला कधी कळलं नाही. बदली वर्षभर लांबली. हे म्हणाले, कोंबडीने काम केलं. पुढच्या वर्षी मुलगी चौथी पास झाली, आणि त्याच महिन्यात आम्ही सामान बांधून पिंपळनेरला गेलो. पाटी माळ्यावर गेली. तिने एकदाच विचारलं, “आई, पाचवी तिथे नाही?” मी तिला पाणी आणायला पाठवलं.

धुळ्याची शाळा सातवीपर्यंत होती. ते मला माहीत होतं, रोज दारावरून जात होते. पण माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली, तर माझ्या तोंडी चौथीच आली. “एवढंच ना?” म्हणून ती बाई झारा तेलावर धरून थांबली होती. भजी करपायला लागली तरी थांबली होती, मी आणखी काही म्हणते का, ते बघत.