माझ्या ग्रहाला गुरुत्वाकर्षण नव्हतं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. घरी नाही, मैत्रिणींत नाही, आणि जिथे ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती तिथे तर नाहीच. इतर कुठल्याही विषयावर माझा आवाज चढतो. इथे आला की — बसतो.

मी पत्रकांवर वाढले. बाबा खडकीच्या कारखान्यात होते, युनियनचं काम घरातूनच चालायचं. दिवाणाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी वाचायला शिकले ती त्यांवरच. पंधराव्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं, हवेतून अंगारा काढणाऱ्या एका महाराजाविरुद्ध. शीर्षक होतं, ‘पुरावा दाखवा!’ भर चौकात उभी राहून वाटलं होतं मी ते. काय ताठ मान होती माझी तेव्हा!

अकरावीत मी एका मोफत वर्गाला जायला लागले. विश्रांतवाडीतल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी कोथरूडहून एक निवृत्त मॅडम स्कूटरवर यायच्या आणि आम्हाला प्रोग्रॅमिंगची मुळाक्षरं शिकवायच्या. शिकवायची त्यांची रीत अशी की पडद्यावर त्रिमितीय जग उभं करायचं आणि त्यात भौतिकशास्त्राचे नियम आपण घालायचे. आपण सांगू तेवढंच त्या जगाला ठाऊक. माझा पहिला चेंडू जमिनीतून आरपार खाली गेला. माझी पत्रकबाजी ठाऊक असलेल्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अहो, खाली जमीन आहे हे त्याला कळवलंत का? की त्यानं तुमचं पत्रक वाचून समजून घ्यायचं?”

मी त्यांची किती ऋणी आहे, हे कसं सांगू? आणि तसनीमची तर त्याहून जास्त.

तसनीम माझ्या शेजारी बसायची. तिचे अब्बा खडकी बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. मला तीन अक्ष काही केल्या समजेनात, तेव्हा तिनं मला खोलीच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. “हा कोपरा म्हणजे शून्य. जमिनीवरच्या या दोन कडा, आणि ही वर जाणारी तिसरी. आता सांग, पंखा कुठे आहे?” मी तीन आकडे सांगितले. “बघ, आलं की गं तुला! उगाच रडतेस.” आजही कुठलंही गणित अडलं की मी मनातल्या मनात त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते.

वर्गाकडे एकच लॅपटॉप होता, आळीपाळीनं वापरायचा. आमच्यापैकी कुणाच्याच घरी नव्हता. मॅडमनी जाहीर केलं, ज्याचा सूर्याभोवती फिरणारा ग्रह नीट चालेल, तो मे महिन्याच्या सुट्टीत लॅपटॉप घरी नेईल. अट एकच, ग्रह गुरुत्वाकर्षणानं फिरला पाहिजे. आणि वर्गाचा नेहमीचा नियम: दाखवण्याआधी प्रत्येकाचा प्रोग्रॅम शेजारच्यानं ओळ न् ओळ वाचायचा आणि “वाचला” असं सांगायचं.

माझा ग्रह पळून जायचा. प्रत्येक फेरीत थोडा बाहेर, मग आणखी बाहेर, मग पडद्याबाहेर. तसनीमचाही तसाच. का, ते दोघींनाही कळेना.

आणि मग मी — लिहिते. शनिवारी दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून मी गुरुत्वाकर्षण तोडलं. बळ काढणारी ओळ दिसण्यापुरती तशीच ठेवली. ग्रहाशी तिचा संबंध उरला नाही. ग्रहाला मी एका तिरक्या वर्तुळावर नुसतं सरकवत ठेवलं, जत्रेतल्या पाळण्यासारखं. रविवारी तसनीम माझा प्रोग्रॅम वाचायला आली, तेव्हा म्हटलं, “अगं, वेळ नाहीये, तू वाचला म्हण ना.” ती म्हणाली, “वाचला.” माझ्यावर विश्वास होता तिचा.

माझा ग्रह सुरेख फिरला. मॅडमनी विचारलं, “गुरुत्वाकर्षण कुठाय?” मी त्या मेलेल्या ओळीवर बोट ठेवलं. नंतर तसनीमचा खराखुरा ग्रह पडद्याबाहेर निघून गेला, पोरं हसली, आणि मी — मी, पत्रकवाली — म्हणाले, “हिला नियमच नीट कळला नाहीये, मॅडम.” कोणी विचारलं होतं मला?

लॅपटॉप माझ्या घरी आला.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण सुट्टीत एके सकाळी तसनीम वही घेऊन माझ्याकडे आली. तिनं ग्रहाची एकेक पायरी हातानं, कागदावर मांडली होती. पानंच्या पानं. ती म्हणाली, “आपण बळ काढतो, मग जुन्याच वेगानं ग्रह हलवतो, आणि वेग नंतर बदलतो. शेवटच्या दोन ओळी उलट करून बघ ना. तुझ्याकडे मशीन आहे.” मी तिच्या प्रोग्रॅममध्ये तसं करून बघितलं. ग्रह फिरला, परत आला, पुन्हा फिरला, आणि पळाला नाही. ती टाळ्या वाजवत राहिली. मग तिनं विचारलं, “तुझ्यात आधीपासून असंच होतं का गं?”

मी म्हणाले, “हो.”

“मग मीच ढ,” ती हसत म्हणाली. “थँक्स हं.” जूनमध्ये ती वर्गाला आली नाही. आपल्याला हे जमणारं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

आज मी याच कामाचा पगार घेते. रविवारी त्याच खोलीत शिकवते. मुलांचे ग्रह पळतात तेव्हा मी त्या दोन ओळी उलट करायला सांगते, आणि मुलं माझ्याकडे कौतुकानं बघतात. मॅडमची चिकाटी, तसनीमचा कोपरा, तिची वही — माझ्याकडे आहे ते सगळं या दोघींनी दिलेलं आहे. त्यातलं काही मी मागून घेतलं, काही चोरलं.

हे छापायला देण्याआधी मी दोघींना पत्र लिहिलं. त्यात ‘माफ कर’ लिहिलं नाही. तसनीमवर माफ करण्याचं आणखी एक काम कशाला टाकायचं? ग्रह खोटा होता, शोध तुझा होता, लॅपटॉप तुझ्या घरी जायला हवा होता, एवढं तिला लिहिलं, आणि मॅडमना तेच. खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि दोन्ही पाकिटं पोस्टाच्या पेटीत टाकली.