मिनिटभर चालू, दोन मिनिटं बंद

जगातली कुठलीही वस्तू मुळात बिघडत नाही. ती फक्त तापते, आणि तापली तरी माणसं तिला सोडत नाहीत म्हणून मरते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी, पाथर्डी फाट्याजवळ घर, घरावर गच्ची आणि गच्चीवर त्यांचा तो हातात धरायचा हिरवा लेसर. सभेत पडद्यावर ठिपका पाडतात तो नव्हे. हा काडी पेटवणारा, फुगा फोडणारा आणि आकाशात धरला तर थेट चांदणीला जाऊन टेकल्यासारखा दिसणारा. "आतला डायोड म्हणजे खसखशीचा दाणा," साडू सांगायचे. "खातो पसाभर, उजेड देतो चिमूटभर. उरलेली सगळी उष्णता. ती बिचारी जाणार कुठं?"

तिला जायला वाट हवी म्हणून त्यांनी स्वतः लेथवर बसून लेसरला ॲल्युमिनियमचं जाडजूड, खाचांचं कवच चढवलं. त्यानंतर ती वस्तू इतकी जड झाली की ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, एकदा बत्ता सापडेना तेव्हा लेसरनंच आलं ठेचलं. आम्हाला वाटलं, आता घरात महायुद्ध पेटणार. साडूंनी फक्त एवढंच विचारलं, "गरम असताना ठेचलंस की गार असताना?" कवच हाताला ऊन लागलं की ते खूश असायचे. उष्णता बाहेर येतेय म्हणजे दाणा सुखरूप आहे. झोत मंदावतोय आणि कवच मात्र गारच, तर समजावं, आतल्या आत काहीतरी जळतंय. हे निदान ते लेसरइतकंच शेजाऱ्यांनाही लावायचे.

नियम ठरलेला: मिनिटभर चालू, दोन मिनिटं बंद. उन्हाळ्यात मिनिटसुद्धा चैन समजायची. बंद काळात पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून साडू उष्णतेवर बोलायचे, त्यामुळे तारे पाहायला आलेल्या माणसाच्या वाट्याला उजेडापेक्षा भाषण दुप्पट यायचं. ओझरच्या बाजूनं विमानाचा नुसता आवाज आला तरी लेसर बंद. शिवाय फुगा फोडायचा असेल तर सगळ्यांनी नारिंगी चष्मे लावायचे. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी हा प्रयोग केला. चष्मा लावला की झोत दिसेना, आणि चष्मा काढला की साडू झोत दाखवेनात. सूचना संपेस्तोवर अर्धे फुगे आपणहूनच बसले. मुलांनी मग राहिलेले पायांनी फोडले आणि केक मागितला.

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली. आधीची दोन स्थळं या गच्चीवरूनच परत गेली होती. म्हणून मनमाडची मंडळी यायची होती त्या दिवशी ताईंनी लेसर तूरडाळीच्या डब्यात लपवला. पण मुलाचे वडील चहा घ्यायच्या आधीच म्हणाले, "तुमचा तो दिवा दाखवा की. पोरं फोनवर त्याच्याबद्दलच बोलत असतात." रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला हा धिप्पाड, भरघोस मिशांचा गृहस्थ. ताईंनी नाइलाजानं डब्यातून लेसर काढला, पदरानं पुसला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हे तिसरं स्थळही गेल्यातच जमा.

गच्चीवर पाहुण्यांनी लेसर हातात घेतला आणि सोडेचनात. हा ध्रुव, हे सप्तर्षी, हा अमुक, तो तमुक. मिनिट उलटून गेलं. साडू आधी खाकरले. मग हलकेच म्हणाले, "साहेब, जरा विश्रांती." साहेब कुठले ऐकतायत! शेवटी साडूंचा बांध फुटला. "बंद करा! आत्ता! मरेल तो!"

माणूस आयुष्यभर सिग्नल पाळलेला. बोटानं आपोआप बटण सोडलं. मुलीनं डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी मात्र दुसरा हात उलटा करून कवचाला लावला आणि क्षणभर तसाच ठेवला.

"तापलाय खरा," ते म्हणाले. "गाडी थांबली की मी खाली उतरून इंजिनाच्या ॲक्सलजवळ असाच हात लावायचो. गरम लागलं की लय भीती वाटायची. मागं डब्यात माणसं झोपलेली. त्यांना काय माहीत?"

"मग काय करायचात?" साडूंनी विचारलं.

"उभी ठेवायचो. साहेब ओरडो, नायतर स्टेशनमास्तर ओरडो."

साडूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं ते याच वाक्याची वाट पाहत होते. त्यानंतर दोघं पाण्याच्या टाकीपाशी बसून ॲक्सल, ब्रेक आणि डायोड यांच्यावर इतका वेळ बोलले की चहा दोनदा गरम करावा लागला. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत आहेत का, हे विचारायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. त्या दोघांनी ते आधीच ठरवलेलं होतं म्हणून बरं.

लग्न छान झालं. पाठवणीच्या वेळी आम्ही सगळे रडलो. साडू मात्र गाडीच्या बॉनेटला हात लावून ड्रायव्हरला इंजिनाबद्दल काहीबाही विचारत राहिले.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. पोरगी सासरी गेल्यापासून घर फार शांत झालंय. गच्चीवर त्यांनी मला दोन-चार तारे दाखवले, लेसर बंद केला, पण भाषण काही सुरू केलं नाही. म्हणून मीच विचारलं, "मनमाड कुठल्या अंगाला येतं हो?"

त्यांनी ईशान्येच्या दिव्यांकडे बोट केलं.

"अहो, लेसरनं दाखवा की."

"छे छे. तिकडं खाली वस्ती आहे," ते म्हणाले. "कोणाच्या डोळ्यात जायला नको."

बोट मात्र त्यांनी बराच वेळ खाली घेतलं नाही.